प्रभुभोजनाच्या आधी उठून जाणाऱ्या ताई

महिन्याचा पहिला रविवार, चर्चमध्ये प्रभुभोजनाचा: येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षरस वाटतात. उपदेश संपतो, गीत सुरू होतं, मेजावरचं पांढरं कापड दोघं जण चार टोकांना धरून उचलतात. नेमकं तेव्हाच बायकांच्या बाजूच्या शेवटच्या बाकावरून कोणीतरी उठतं, पदर सावरतं आणि दाराशी चपला शोधायला लागतं.

मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेल्या प्रत्येकाने हे पाहिलंय. विचारायला कोणी जात नाही, आणि विचारलंच तर ‘घरी पाहुणे यायचेत’ हे उत्तर ठरलेलं. खरं कारण बंद खोलीत निघतं. मी नगरला (कागदोपत्री आता अहिल्यानगर) समुपदेशन करते, आणि ख्रिस्ती घरांतून येणाऱ्यांकडून एक वाक्य फिरून फिरून ऐकते: “मी देवाशी विश्वासू राहिले नाही. आता तो मला घेईल का?” कोणाचं प्रार्थनेत मन लागत नाही, कोणी वर्षभर शास्त्र (बायबल) उघडलेलं नाही, कोणाला पाळीच्या नोकरीमुळे रविवारची उपासना चुकते आणि सासरे ऐकवतात. शेवटी सगळे तिथेच येतात.

त्यातल्या एका ताईंची ही गोष्ट. त्यांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ताई पन्नाशी ओलांडलेल्या, सत्तावीस वर्षं परिचारिकेची नोकरी केलेल्या. पहिल्याच दिवशी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढून माझ्यासमोर ठेवली. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले रकाने: तारीख, वाचन, प्रार्थना किती मिनिटं, मन लागलं की नाही. शेवटच्या रकान्यात लाल पेनने फुल्या. पानंच्या पानं फुल्या. वॉर्डात पेशंटच्या पायथ्याशी तापाचा तक्ता लटकवतात ना, हुबेहूब तसं.

“दोन वर्षं झाली, मॅडम. एक दिवस बरोबरची खूण नाही. दोन वर्षांत प्रभुभोजन घेतलेलं नाही. करिंथच्या पत्रात लिहिलंय ना, अयोग्य रीतीने जो खातो-पितो तो दोषी ठरतो.”

आईला अर्धांगवायू झाला होता. चार वर्षं अंथरुणावर. ताईंनी नोकरी सांभाळून एकटीने केलं. आई गेली आणि तेव्हापासून प्रार्थना ‘बंद’. त्यांचाच शब्द. भगिनी मंडळात मात्र प्रार्थना चालवायला यांनाच सांगायचे, कारण बोलायची सवय. “तोंडाने चालते, आत काही नसतं. ढोंगीच ना मी?” प्रार्थनागटातल्या कोणीतरी त्यांना सुनावलंही होतं, की तुझ्या जीवनात लपलेलं पाप असेल, म्हणून देव ऐकत नाही.

हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. थकलेल्या माणसाला ते फुकटात मिळतं, आणि अंधारात दगड भिरकावला तर कुठे ना कुठे लागतोच. इथे तो लागला होता, पण ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

आधी माझी चूक सांगते. मी त्यांना स्तोत्रं वाचायला दिली, दिवसाला एक. विलापाची स्तोत्रं, कारण बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत विलापाचा वाटा जवळपास तिसरा हिस्सा आहे आणि आपल्या उपासनेत तो क्वचितच ऐकू येतो. ८८वं स्तोत्र तर सरळ अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळ नाही. तरी ते शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलेलं नाही. तक्रार करणारा माणूस अजून देवाशीच बोलतोय, हे त्यांना दिसावं असा माझा बेत होता. दोन आठवड्यांनी ताई आल्या, वहीत नवा रकाना: ‘मॅडमचं स्तोत्र’. खाली चौदा फुल्या. मी आजाऱ्याला आणखी एक तक्ता लावून दिला होता.

मग वही बाजूला ठेवली आणि साधे प्रश्न विचारले. जेवण? अर्धी पोळी. वजन? वर्षभरात ब्लाउज तीनदा आत घेतले. झोप? “लागते. पण चारला जाग येते. रोज चारला. मग छताकडे बघत पडते.”

आपल्याकडे हे फार उशिरा विचारलं जातं. नैराश्य हा आजार आहे, आणि नसलेला अपराध खरा वाटायला लावणं हे त्या आजाराचं एक लक्षणच आहे. भक्त माणसाचा आजार भक्तीच्या भाषेत बोलतो. दुकानदार म्हणेल धंद्यात मन नाही, भगिनी मंडळाची बाई म्हणेल देव दूर गेला. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खायला घालतो. देवाशी बोलणं पुढे होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी. मी ताईंना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्या बिचकल्या; इतरांना गोळ्या देण्यात आयुष्य गेलं, स्वतः घेणं जड. (जवळपास डॉक्टर नसेल तर सरकारची टेली-मानस ही फुकट हेल्पलाइन आहे, १४४१६. मराठीत बोलता येतं.)

दीड-दोन महिन्यांत जेवण सुधारलं, चेहरा भरला. वहीत मधूनच एखादी बरोबरची खूण दिसायला लागली. मी मनातल्या मनात ही केस संपवत आणली होती.

पण पहिला रविवार आला की ताई उठूनच जायच्या. आणि जाग चारलाच यायची.

करिंथचा उतारा आम्ही दोघींनी नीट वाचला. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला ते पत्र लिहिलं तेव्हा, इसवी सन ५५च्या सुमाराला, तिथल्या मंडळीत काय चाललं होतं हे त्याच अध्यायात आहे. जेवण एकत्र म्हणायचं, पण पैसेवाले आधी येऊन खाऊन घ्यायचे, कोणी पिऊन तर्र व्हायचा आणि गरीब उपाशी राहायचा. पौल चिडलाय तो त्या रीतीवर. ‘अयोग्य रीतीने’ हे खाण्याच्या पद्धतीबद्दल आहे, मूळ ग्रीकमध्येही ते क्रियाविशेषणच आहे. ‘अयोग्य माणसाने खाऊ नये’ असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. पहिल्या प्रभुभोजनाला येशूचा शिष्य पेत्र होता, आणि कोंबडा आरवायच्या आत त्याने येशूबद्दल ‘मी त्या माणसाला ओळखत नाही’ असं तीनदा म्हटलं. त्याला आधी उठवून लावलं नव्हतं.

मला वाटलं, झालं. ताईंनी मान डोलवली. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, “पेत्राने निदान सगळ्यांसमोर केलं, मॅडम.”

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं एवढंच आमचं खरं कौशल्य, बाकी पुस्तकात मिळतं.

आईच्या शेवटच्या रात्री अकराला पुण्याहून भावाचा फोन आला होता. “आई कशी आहे? निघू का?” ताई आईच्या उशाशी बसल्या होत्या. आईचा श्वास थांबून थांबून येत होता. मोठे श्वास, मग लहान, मग काहीच नाही, मग पुन्हा मोठा. “सत्तावीस वर्षं ऐकलाय तो श्वास मी. मला कळत होतं, चार-सहा तास. फार तर. आणि मी त्याला म्हटलं, ‘गरज नाही. बरी आहे. सकाळी ये सावकाश.’”

आई चारला गेली. भाऊ सातला पोचला.

“चार वर्षांत तो सात वेळा आला. सात! पैसे पाठवायचा, नाही म्हणत नाही. पण आईचं अंग मी पुसलं, दर दोन तासांनी कूस मी बदलली. एक जखम होऊ दिली नाही पाठीला. त्या रात्री वाटलं, आता शेवटचं तोंड बघायला बरा येतोय. नको येऊ. आई माझी एकटीची आहे.” मग हळूच, “तो आल्यावर मला म्हणाला, ‘ताई, तू होतीस म्हणून मला काळजी नव्हती.’”

दोन वर्षं हे कोणाला सांगितलं नव्हतं. देवालाही नाही. वहीत त्याला रकाना नव्हता.

इथे माझं मत बदललं, म्हणून ही गोष्ट लिहायला घेतली. तोवर मी त्यांच्या अपराधभावनेला सरसकट आजार समजत होते. आजार होताच. पण त्याच्या आडोशाला एक खरी गोष्ट बसली होती: एक तारीख, एक वेळ, एक फोन. ‘मी देवाशी विश्वासू नाही’ हे मोठं, धूसर वाक्य रोज लाल पेनने लिहिलं की ‘मी भावाशी खोटं बोलले’ हे छोटं वाक्य लिहावं लागत नाही. मोठ्या वाक्याने झोप उडते, पण करायचं काहीच नसतं. छोटं वाक्य फोन उचलायला लावतं. त्यानंतर ‘मी विश्वासू नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते: कोणाशी? केव्हा? काय झालं? बऱ्याचदा उत्तरच नसतं, आणि मग तो थकवा असतो, दुःख असतं किंवा नुसता सासऱ्यांचा आवाज असतो. पण कधी कधी उत्तर असतं. त्यावर ‘देव प्रेमळ आहे, विसरा’ असं म्हणून फुंकर घालणं मला बेइमानीचं वाटतं.

मी मत्तयाच्या शुभवर्तमानातलं येशूचं वचन काढलं. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. ताई लगेच म्हणाल्या, “पण त्याच्या मनात काहीच नाही. त्याला माहीतच नाही!”

बरोबर होतं त्यांचं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. सांगून भावाला दुखवायचं आणि आपण मोकळं व्हायचं, यात स्वार्थ नाही का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, असेल. घाई नको. आधी जे मला सांगितलंत ते देवाला सांगून बघा, याच शब्दांत. ‘श्वास थांबून थांबून येत होता’ इथपासून.

योहानाच्या शुभवर्तमानात एक बारीकशी गोष्ट आहे, ती मी त्या दिवशी त्यांना सांगितली. कोळशांचा विस्तव तिथे दोनदा पेटलेला दिसतो. एकदा प्रमुख याजकाच्या अंगणात, पेत्र शेकत उभा राहून नाकारतो तेव्हा. आणि मग पुनरुत्थानानंतर तळ्याकाठी, येशू मासळी भाजत बसलेला असतो तेव्हा. मूळ ग्रीकमधला तो शब्द सगळ्या नव्या करारात याच दोन जागी येतो. पेत्राच्या नाकात तो वास गेलाच असणार. येशू आधी न्याहारी देतो आणि मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम आहे का? नाकारलेल्या जागेवरच आणून बसवतो, पण ताट वाढून. “भूक लागली असणार त्यांना, रात्रभर जाळी टाकलेली,” ताई म्हणाल्या. परिचारिकाच त्या.

पुढे तीनेक महिने गेले. आईच्या स्मरणाच्या प्रार्थनेला भाऊ आला. पाळकसाहेब गेल्यावर, भांडी आवरताना, मोरीशी उभं राहून ताईंनी सांगून टाकलं. त्याने हातातला पेला धुऊन पालथा घातला. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मी ‘निघू का’ विचारलं. निघणारा विचारतो का गं? मला वाटत होतं तू नको म्हणावंस.”

तो जेवायला थांबला नाही, गाडी काढून गेला. नंतर तीन आठवडे फोन नाही. मग एका रात्री आला, बायकोच्या गुडघ्याच्या औषधाबद्दल विचारायला.

गेल्या महिन्यात ताई मला बाजारात भेटल्या. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. प्रार्थना पूर्वीसारखी येत नाही. चारची जाग अजून येते, रोज नाही. आली की ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणतात, एकदाच. पुढचं काही सुचलं नाही तर कुशीवर वळतात. पहिल्या रविवारी आता बसून राहतात. पहिल्यांदा ट्रे समोर आला तेव्हा पेला उचलताना हात इतका थरथरला, की शेजारच्या बाईने मनगट धरलं.

“आणि ती वही?” मी विचारलं.

“आहे की. बरीच पानं कोरी होती. दुधाचा हिशेब लिहिते.”