सेकंडहँड एक्सयूव्ही ३०० डिझेल घ्यावी का? चालवायला नेमकी कशी आहे?

तुम्ही लिहिलंय की राहायला ठाण्यात, ऑफिस ७ किलोमीटरवर, आणि महिन्यातून एकदा धुळ्याला गावी जाणं होतं. महिंद्राची एक्सयूव्ही ३०० डिझेल सेकंडहँड मिळतेय, आणि विकणारा सारखं "तीनशे एनएम टॉर्क आहे साहेब" म्हणतोय, त्याचा रस्त्यावर उपयोग काय, असा तुमचा प्रश्न. माझ्याकडे हीच गाडी आहे, नाशिकला. मॅन्युअल, बीएस ६ (प्रदूषणाच्या २०२० पासूनच्या नियमांची), सत्तर हजार किलोमीटरच्या पुढे चाललेली. आधी गाडी कशी आहे ते सांगतो, मग तुमच्या त्या ७ किलोमीटरवर येतो. खरी अडचण तिथे आहे.

टॉर्क म्हणजे इंजिनाची फिरवायची ताकद, एनएम हे तिचं माप. ३०० चा आकडा खरा आहे. पण त्याला चिकटून येणारा दुसरा आकडा विकणारे सांगत नाहीत: १५०० ते २५०० आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे. ही हजार फेऱ्यांची पट्टी, तीच ही गाडी. टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, त्यामुळे हिशोब घरी बसून करता येतो. १५०० ला हे इंजिन ६४ अश्वशक्तीच्या आसपास देतं. याच गाडीचं १.२ लिटर टर्बो पेट्रोल २००० फेऱ्यांना पूर्ण २०० एनएमवर येतं, तेव्हा त्याची शक्ती असते ५७ च्या आसपास. म्हणजे डिझेल पाचशे फेरे आधीच त्याच्या पुढे. कागदावर मात्र दोघांची कमाल शक्ती जवळजवळ सारखी, डिझेल ११७ आणि पेट्रोल ११०. म्हणून शोरूममधला तक्ता बघून काही कळत नाही.

मी आधी दहा वर्षं पेट्रोल हॅचबॅक चालवली. ही गाडी आणली तेव्हा पहिला महिनाभर तशीच चालवत होतो, गिअर ओढून चार हजारांपर्यंत. चार हजारांवर काही नसतं, नुसता आवाज. शेजारी अण्णा बसलेले, आयुष्यभर ४०७ टेम्पो चालवलेला माणूस. एक शब्द बोलले नाहीत, फक्त फेऱ्यांच्या काट्याकडे बघत होते. सिन्नर फाट्याला न राहवून म्हणाले, "वरचा टाक." मी टाकला. पुढे दोन मिनिटांनी परत, "अजून वरचा." पाचव्यात १६०० वर गाडी आली आणि चढ तसाच चढून गेली, हूं की चूं नाही. मला कळायला महिना लागला ते त्यांना सिन्नर फाट्यापर्यंत कळलं होतं.

तुमच्या वाटेवर कसारा घाट आहे, म्हणून तिथलंच सांगतो. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि जवळपास ८ किलोमीटरच्या बोगद्यातून घाटाला बगल देता येते, पण मी पावसाळ्यात अजून घाटानेच येतो, हौस म्हणा. मुंबईकडून चढताना पुढे भरलेला ट्रक, मंद वेगाने. तुम्ही तिसऱ्यात, काटा १४०० वर. उजवीकडे मोकळं दिसलं की पेट्रोल गाडीत हात आपोआप दुसऱ्या गिअरकडे जातो. इथे गिअरला हात लावायचा नाही. पाय हळू दाबायचा, अर्धा सेकंद काहीच होत नाही, मग १६००-१७०० च्या सुमारास पाठीला कोणी तरी तळहात लावून ढकलल्यासारखं वाटतं आणि ट्रक मागे. २५०० झाले की चौथा. चार माणसं आणि सामान असलं तरी यात फार फरक पडत नाही. एसीही बंद करावा लागत नाही, जो माझ्या जुन्या गाडीत कसाऱ्याला हमखास करायचो.

तो जो अर्धा सेकंद सांगितला, तोच टर्बो लॅग. एक्झॉस्टच्या धुराच्या जोरावर टर्बोचं चाक फिरतं आणि ते इंजिनात हवा कोंबतं. फेरे कमी तर धूर कमी, धूर कमी तर हवा कमी. या इंजिनात व्हेरिएबल जिओमेट्री टर्बो आहे, म्हणजे चाकाभोवती हलणाऱ्या पात्या आहेत. फेरे कमी असले की पात्या मिटत येतात, वाट अरुंद होते आणि धुराचा झोत जोरात बसतो. नळीच्या तोंडावर बोट ठेवलं की पाणी लांब जातं, तसं. फेरे वाढले की पात्या उघडतात. जुन्या १२४८ सीसीच्या फियाट इंजिनाची पहिली आवृत्ती, म्हणजे स्विफ्टमध्ये ७५ अश्वशक्तीची होती ती, तिच्यात अशा पात्या नव्हत्या. ते इंजिन दोन हजारांच्या खाली झोपलेलं आणि वर एकदम उठणारं. ज्यांनी ते चालवलंय त्यांना हे इंजिन फारच शहाणं वाटतं.

पण १३०० च्या खाली हेही मठ्ठच. घोडबंदरला ट्रॅफिक रांगतंय, तुम्ही दुसऱ्यात, काटा हजाराला आला, की गाडी गदगदते. स्पीडब्रेकरवर सरळ पहिला टाकायचा, लाज वाटू द्यायची नाही. क्लच जड म्हणण्याइतका जड नाही, पण दीड तासाच्या ट्रॅफिकनंतर डावा गुडघा आपली हजेरी लावतो. ऑटोशिफ्ट, म्हणजे गिअर स्वतः बदलणारी, घेतलीत तर गुडघा वाचेल, मात्र ती गिअर बदलताना मान डोलावते. मला ते आवडत नाही, अनेकांना चालतं.

दुसरी गोष्ट, पुढची चाकंच ओढणारी गाडी आहे. नाव एक्सयूव्ही असलं तरी फोर बाय फोर नाही. ओल्या रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये पाय जोरात दिला तर टायर किंचाळतात आणि स्टिअरिंग हाताला ओढ देतं. तीनशे एनएम दोन पुढच्या चाकांत गेल्यावर दुसरं काय होणार.

वळणांवर आणि महामार्गावर गाडी आपल्या किमतीपेक्षा मोठी वाटते, त्याला कारण आहे. हिचा सांगाडा महिंद्राने तेव्हा आपल्या ताब्यात असलेल्या कोरियातल्या सँगयाँगच्या टिवोलीवरून घेतला. टिवोली ४.२ मीटरच्या आसपास लांब. आपल्याकडे २००६ पासून लहान गाडीला करसवलत आहे, पण लांबी ४ मीटरच्या आत आणि डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तरच. म्हणून गाडी ३९९५ मिलिमीटर आणि इंजिन १४९७ सीसी. हे आकडे इंजिनिअरच्या आधी अर्थखात्याने ठरवलेले आहेत. (२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के झाला तोही याच मापांच्या गाड्यांना. सेकंडहँडचा भाव करताना हे लक्षात ठेवा, त्यानंतर नव्या गाड्या स्वस्त झाल्यात.) लांबी कापली, पण पुढच्या-मागच्या चाकांमधलं २६०० मिलिमीटरचं अंतर तसंच ठेवलं. चाकं गाडीच्या कोपऱ्यांकडे गेली, म्हणून गाडी शंभरला रस्ता धरून राहते आणि मागच्या सीटवर पाय मोकळे राहतात. कात्री बसली ती डिकीवर. ती २५७ लिटर. टाटाच्या २०२३ आधीच्या नेक्सॉनची ३५०. दोन मोठ्या बॅगा आणि धुळ्याहून आईने दिलेलं गव्हाचं पोतं, एवढं एकत्र बसत नाही. मी प्रयत्न केलाय.

ब्रेक चारही चाकांना डिस्क, आणि ते घाट उतरताना कळतं. स्टिअरिंगला कम्फर्ट, नॉर्मल, स्पोर्ट असे तीन मोड आहेत. स्पोर्टमध्ये ते फक्त जड होतं, रस्ता काही जास्त कळत नाही. मी पहिल्या आठवड्यात खेळलो, नंतर विसरून गेलो. १७ इंची चाकांवर खड्ड्यात थोडी आदळते. गाड्यांच्या धडक चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने २०२० च्या जानेवारीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेला पाच तारे दिले होते, हे घरच्यांना सांगायला बरं.

आता तुमचे ७ किलोमीटर.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेलमध्ये सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाची जाळी असते. काजळी तिच्यात अडकते. ती भरत आली की जाळून मोकळी करावी लागते, आणि त्यासाठी आतलं तापमान सहाशे अंशांच्या जवळ न्यावं लागतं. महामार्गावर बरीच काजळी चालता चालता जळते. शहरात इंजिन धड तापत नाही, तेव्हा गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल आत सोडून जाळी तापवते. त्याला साधारण पंधरा-वीस मिनिटं सलग गाडी चालू लागते. मध्येच बंद केली तर काम अर्धवट, आणि ते जास्तीचं डिझेल थोडं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं.

मागे चार महिने माझी गाडी फक्त कॉलेज रोड ते सातपूर चालली, पाच किलोमीटर. सोसायटीत गाडी लावून उतरलो की पंखा गरगर फिरत राहायचा आणि तापलेल्या तव्यासारखा वास यायचा. उभ्या गाडीत काटा नेहमीपेक्षा थोडा वर. गाडी सांगत होती की आत्ता बंद करू नकोस, आणि मी रोज बंद करत होतो. एका सकाळी डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला. गॅरेजच्या ओळखीच्या मेस्त्रीने फोनवरच सांगितलं, "घेऊन येऊ नका, पुणे रोडला न्या." चौथ्या गिअरमध्ये काटा दोन हजारांच्या वर धरून निघालो, आणि मोहदरी घाट चढताना दिवा विझला. घरी येऊन ऑइलची पट्टी काढली. पातळी वरच्या खुणेच्याही वर, बोटाला पातळ, आणि वास डिझेलचा. ऑइल मुदतीआधी बदललं. आता दर रविवारी गाडी सिन्नरला चहा प्यायला जाते. अ‍ॅव्हरेज विचाराल तर मला महामार्गावर १९-२० आणि शहरात १३-१४ मिळतं.

तुमच्यासारखंच वापरायचं असेल, म्हणजे रोज ७ किलोमीटर आणि महिन्यातून एक धुळे, तर बीएस ६ डिझेल मी घेणार नाही, याच गाडीचं पेट्रोल घेईन. आठवड्यातून एकदा नाशिकपर्यंत जरी येणं होत असलं तर मात्र डिझेलच, डोळे मिटून. तिसरी वाट म्हणजे २०१९ ची बीएस ४ डिझेल. गाडी बाजारात आली ती १४ फेब्रुवारी २०१९ ला, म्हणजे वर्षभराच्या गाड्या बीएस ४ आहेत, आणि बीएस ४ ला डीपीएफची सक्ती नव्हती. आरसीवर उत्सर्जन कोणतं लिहिलंय ते आधी बघा.

बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधीच सांगा, गाडी गरम करून ठेवू नका. थंड इंजिन तुम्ही स्वतः चालू करा. खडखड होईल, एखाद-दोन मिनिटांत ती कमी व्हायला हवी. चालू करायच्या आधी ऑइलची पट्टी काढून वास घ्या. मग तिसऱ्या गिअरमध्ये १४०० वर येऊन पाय पूर्ण द्या. फेरे चढले आणि गाडी त्या मानाने पुढे सरकली नाही, तर क्लच घसरतोय, त्याचे पैसे भावातून कापा. आणि टेस्ट ड्राइव्ह संपवून गाडी बंद केल्यावर लगेच किल्ली परत देऊ नका. दोन मिनिटं बोनेटपाशी उभे राहा, पंखा फिरतोय का ते ऐका, आणि मालकाला विचारा की रोज किती चालते.