पार्कातल्या जेवणाची परीक्षणं वाचताना आधी विचारा: वाजले किती होते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडहून सहा जण (तुम्ही दोघं, सासू-सासरे, नऊ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी) मे महिन्यात दोन दिवस खोपोलीला इमॅजिका या थीम पार्कला जाणार आहात. जेवणाबद्दल दोन परीक्षणं वाचलीत. एकात बुफे 'अप्रतिम', दुसऱ्यात त्याच आठवड्यातला तोच बुफे 'पैसे पाण्यात'. विश्वास कोणावर ठेवायचा, बुफे घ्यायचा की सुटं मागवायचं, सासूबाईंचा मधुमेह आणि सासऱ्यांची संकष्टी कशी सांभाळायची, आणि मुलीच्या वाढदिवसाचा केक न्यायचा का?

आधी परीक्षणांचं. दोघंही खरं बोलत असतील. एक जण पावणेबाराला जेवला असेल, दुसरा पावणेचारला. पार्कातल्या जेवणाच्या परीक्षणात चवीवर चार परिच्छेद असतात आणि वेळ कुठेच नसते. ज्यात वार, वेळ आणि 'आम्ही त्याआधी काय करत होतो' हे नाही, ते परीक्षण मी वाचून सोडून देते.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका वॉटरपार्कला गेलो होतो. नाव सांगत नाही, आता तिथलं सगळं बदललंही असेल. जायच्या आधी मी शोधून शोधून एक भरभरून कौतुक केलेलं परीक्षण वाचलं होतं. आम्ही मुलांना पाण्यातून बाहेर काढेपर्यंत पावणेचार वाजले. बुफेच्या भांड्यांखालच्या ज्योती विझलेल्या, पनीरवर तेलाचा पापुद्रा, भात कडेने वाळलेला. पण पाण्यातून आलेली मुलं! ती टेबलसुद्धा खाल्ली असती. थोरल्याने तीन वेळा पनीर घेतलं आणि रात्री घरी पोचेपर्यंत गाडीत दोनदा ओकला. नंतर मी ते कौतुकाचं परीक्षण पुन्हा उघडलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: जुलै, मंगळवार, आम्ही साडेअकराला पहिलेच होतो. म्हणजे बाईंनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. मीच नीट वाचलं नव्हतं.

तेव्हापासून बुफेला ताट उचलण्याआधी मी एक फेरी मारते. झाकण उघडल्यावर वाफ येते का, बघते. जागतिक आरोग्य संघटनेची अन्नसुरक्षेची पाच सूत्रं आहेत, त्यांत शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सियसच्या वर ठेवा आणि साध्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नका, असं सांगितलंय. आपण थर्मामीटर घेऊन जात नाही. पण ६० अंशांचं वरण जिभेला चटका देतं, तेवढी परीक्षा पुरे. वरण कोमट लागलं, तर त्या बुफेतलं पनीर, मेयोनेजवाली कोशिंबीर, दहीवडा यांतलं काही घेऊ नका. तव्यावरून समोर उतरणारं जे असेल ते घ्या: डोसा, रोटी, पावभाजी.

दुसरी गोष्ट भुकेची. पाण्यातून बाहेर आलेल्या माणसाच्या मतावर कधीच विश्वास ठेवू नये. थंड पाण्यात तास-दोन तास काढले की भूक भडकते, मग कालचा वडापावही अमृत लागतो. म्हणून वॉटरपार्कातल्या जेवणाला नेहमी जास्त मार्क पडतात आणि कोरड्या पार्कातल्याला कमी. तिथे माणूस उन्हातून रांगा लावून आलेला असतो, डोकं तापलेलं, पोट मात्र पॉपकॉर्नने भरलेलं. भोवतीचा गोंगाटही चव बदलतो, फार आवाजात गोड कमी जाणवतं. आमच्या सासूबाईंचं यावर एकच वाक्य आहे: "ढोल वाजत असताना शिऱ्याला नावं ठेवू नयेत."

सासूबाईंचं नाव निघालं म्हणून सांगते. आमच्या घरी प्रत्येक सहलीनंतर गाडीतच परीक्षण होतं. प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं आणि मी ते वहीत लिहायचं. धाकटी म्हणते, "फ्राईज छान, खुर्ची उंच." नवरा किंमत सांगतो, बाकी काही नाही. सासूबाई कायम वरणाबद्दल बोलतात. गेल्या खेपेचं त्यांचं वाक्य होतं: "वरण गरम होतं, पंखा माझ्याकडे नव्हता." सहा शब्दांत सगळं आलं. मी कितीही लिहिलं तरी याच्यापुढे जात नाही.

आता इमॅजिका. ते २०१३ साली सुरू झालं, आणि आत रेस्टॉरंटं एकाच ठिकाणी नाहीत, जागोजागी पसरलेली आहेत. बुफेसाठी इमॅजिका कॅपिटल, बर्गर-फ्राईजच्या धाटणीचं रेड बॉनेट, शिवाय जहाजाच्या थाटाचं अरमाडा. पदार्थ आणि वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी फोन करून त्या दिवशी कुठली चालू आहेत ते विचारून घ्या. कुठलं चांगलं यावर मी भांडणार नाही. त्यापेक्षा तेव्हा तुम्ही पार्कात कुठे असाल ते बघा. भर उन्हात चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन 'चांगल्या' रेस्टॉरंटापर्यंत चालत जाण्यापेक्षा जवळचं मध्यम बरं.

वेळ पावणेबाराची धरा, नाहीतर सरळ अडीचची. एक ते दोनच्या मध्ये सगळी मुंबई आणि सगळं पुणे एकदम जेवायला बसतं, आणि नेमक्या त्याच वेळी राइडच्या रांगा थोड्या आखडतात. तुमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, उंची बसली तर तो मोठ्या राइडच्या मागे लागणारच. त्याला आधी हुंदडून घेऊ द्या. गिरक्या घेताना कानातला तोल सांभाळणारा भाग एक सांगतो आणि डोळे दुसरंच, त्यात पोटात छोले-भटुरे असले की काय होतं ते मी वर लिहिलंच आहे. जेवणानंतर दीड-दोन तास बसून बघायचे खेळ ठेवा. एसी असतो, सासू-सासऱ्यांनाही टेकता येतं.

बुफे की सुटं, याचं उत्तर तुमच्या घरातल्या पोटांवर आहे. समजा, बुफे माणशी ७०० रुपये आणि छोटीला अर्धं तिकीट. पाच पूर्ण आणि एक अर्धं म्हणजे ३,८५०, त्यावर ५ टक्के जीएसटी धरून ४,०४२. आता खाणारे मोजा. सासूबाई एक रोटी आणि अर्धी वाटी भाजी. सासरे संकष्टीला शून्य. छोटी तीन फ्राईज. म्हणजे खरे खाणारे तुम्ही दोघं आणि मुलगा. तीन जणांच्या भुकेसाठी सहा जणांचे पैसे. माझं स्पष्ट मत: संकष्टीच्या दिवशी बुफे घेऊच नका, दुसऱ्या दिवशी घ्या. आणि हो, ज्या हॉटेलात खोलीचं भाडं ७,५०० च्या वर असतं, तिथल्या रेस्टॉरंटात जीएसटी १८ टक्के लागतो. तेच ३,८५० तिथे ४,५४३ होतात. रात्री राहायच्या हॉटेलात जेवणार असाल तर हे आधी विचारा, नाहीतर बिलावरून नवरा रात्रभर कुरकुरतो (आमचा).

बिलाचंच निघालंय तर सर्व्हिस चार्ज. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की तो आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. बिलावर दिसला तर शांतपणे काढायला सांगा. पाण्याच्या बाटलीवर मात्र भांडू नका. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलं आणि रेस्टॉरंटांना छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायला मोकळीक दिली आहे. मी रिकामी स्टीलची बाटली नेते. फाटकावर ती आजवर कोणी काढून घेतलेली नाही. आत पिण्याचा नळ कुठे आहे, हे मी राइडच्या आधी शोधते.

सासूबाईंचा मधुमेह ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, त्यामुळे इथे हयगय नको. गोळी किंवा इन्सुलिनची वेळ जेवणाशी बांधलेली असते आणि पार्कात जेवण कधीच वेळेवर होत नाही. त्यांच्यापुरतं वेगळं वेळापत्रक ठेवा: ठरलेल्या वेळी, रांगेत असाल तरी, एका मोठ्या माणसाने त्यांना घेऊन बाहेर पडायचं. गोळी घेऊन झाली आणि जेवण लांबलं तर साखर एकदम खाली येऊ शकते, म्हणून ग्लुकोजची पुडी त्यांच्याच पर्समध्ये हवी, तुमच्या सॅकमध्ये नाही. तुम्ही राइडवर उलटे लटकलेले असाल तेव्हा ती सॅक लॉकरमध्ये असते. डोसचं काय करायचं ते निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन असेल तर मे महिन्यात बंद गाडीत अजिबात ठेवू नका. बाहेरचं खाणं आत नेण्याबाबत प्रत्येक पार्काचे नियम वेगळे, पण औषधं आणि मधुमेही माणसासाठी चार बिस्किटं यांबद्दल फोनवर आधी बोलून, बोलणाऱ्याचं नाव लिहून घ्या. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. फाटकावरच्या मुलाला समजावण्यापेक्षा चिठ्ठी दाखवणं सोपं.

सासऱ्यांच्या संकष्टीला आत साबुदाण्याची खिचडी मिळेल या भरवशावर राहू नका. सकाळी घरूनच खाऊन निघू द्या. एक सुचवू? महडचा वरदविनायक खोपोलीच्या अलीकडेच आहे, अष्टविनायकांतला. संकष्टीला गर्दी असते, पण अगदी सकाळी दर्शन करून पार्कला गेलात तर ते दिवसभर खूश राहतील आणि उपवासाची चिडचिड तुमच्या वाट्याला येणार नाही. खरी अडचण रात्री आहे. मे महिन्यात चंद्रोदय दहाच्या सुमारास, कधी त्यानंतरही, आणि उपवास सोडायला त्यांना वरण-भात हवा. हॉटेलचं किचन किती वाजता बंद होतं हे खोली घेतानाच विचारा. आम्ही एकदा विचारलं नव्हतं. सासरेबुवांनी केळं आणि चहावर उपवास सोडला आणि तो विषय अजून दर संकष्टीला निघतो.

येता-जातानाचं खाणं. जुन्या रस्त्याने गेलात तर खोपोलीला रमाकांतचा वडा, पनवेलजवळ दत्त स्नॅक्स. लोकलने कर्जतवरून गेलात तर स्टेशनवर दिवाडकरांचा वडा, तो सोडून मी आजवर पुढे गेलेली नाही. पण जाताना वडा हलकाच घ्या. गरम तळणीवर राइड नको.

मला आठवतंय, १९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झालं, त्यानंतरच्या एका सुट्टीत आई-बाबा आम्हाला घेऊन गेले होते. आईने बोट पकडायच्या आधीच, जेट्टीवर उभ्या उभ्या, डब्यातल्या मेथीच्या दशम्या आणि लसणाची चटणी आम्हाला खायला लावली. आम्हाला केवढी लाज वाटली होती, बाकीची मुलं आत सँडविच खाणार होती. आत आम्ही एक आइस्क्रीम खाल्लं, दिवसभर. त्या दिवशीचं आम्हाला दुसरं काहीही खुपलं नाही.

तुम्ही परत आल्यावर परीक्षण लिहालच. पदार्थांचे फोटो कमी टाका. वार, वेळ, ताटात पहिला घास पडेपर्यंत किती मिनिटं गेली, खुर्ची मिळाली की कठड्यावर बसलात, आजीला पंखा होता का, सहा जणांचं मिळून बिल किती, एवढं लिहिलंत तर पुढच्या माणसाला उपयोग होईल. बिलावर चौदा आकडी एफएसएसएआय (म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक छापलेला असायला हवा. जानेवारी २०२२ पासून तो सक्तीचा आहे. काही बिघडलंच तर तक्रारीला तोच क्रमांक लागतो, म्हणून बिलाचा फोटो काढून ठेवा.

राहिला केक. नेऊ नका. आत नेऊ देतील का हा पुढचा प्रश्न, त्याआधी मे महिन्यातली गाडी आहे. त्यापेक्षा हॉटेलला दोन दिवस आधी सांगून रात्रीचा केक तिथेच मागवा, म्हणजे सासऱ्यांचा उपवासही तोवर सुटलेला असेल. आमच्या धाकटीच्या पाचव्या वाढदिवसाला मी हट्टाने दादरहून क्रीमचा केक डिकीत नेला होता. फोटो आहे माझ्याकडे. त्यातली मेणबत्ती आडवी आहे आणि केकवरचं नाव वाचता येत नाही.