दाराआधी फरशीची पातळी ठरवा
बैठक आणि अंगण जोडायचं म्हटलं की सगळे आधी काचेच्या सरकत्या दाराकडे धावतात. तुम्ही आधी फरशीची पातळी ठरवा. आत-बाहेर एकसलग फरशी दिसायला सुरेखच, पण पाऊस उंबरा ओळखत नाही. बाहेरच्या फरशीला घरापासून दूर जाणारा उतार हवा, मीटरला 1 ते 2 सेंटिमीटर, आणि दाराच्या रुळालगत जाळी टाकलेली निचऱ्याची पन्हळ. फरशी बसल्यावर हे करायचं म्हणजे तोडफोड, तेव्हा गवंड्याशी आत्ताच बोला. रंग दोन्हीकडे एकच ठेवा हवं तर, पण बाहेरची फरशी खरखरीत घ्या. गुळगुळीत फरशी ओली झाली की पाय घसरलाच.

दार पश्चिमेला असेल तर नुसत्या छज्ज्यावर विसंबू नका. मावळतीचा सूर्य खाली आलेला असतो, ऊन छज्ज्याखालून थेट आत शिरतं. तिथे उभ्या पट्ट्या, बांबूचा पडदा किंवा दाट वेलच कामाला येते.

कुंड्या, खुर्च्या नंतर बघा, त्या हलवता येतात. डासांची सरकती जाळी मात्र दाराच्या चौकटीतच बसवून घ्या, नाहीतर एवढं महागडं दार रोज संध्याकाळी बंदच ठेवाल.