'नोटोरिअस' म्हणजे नक्की काय? 'फेमस'च्या जागी वापरला तर चालतो का?

तुम्ही विचारलंय, दोन्हींचा अर्थ 'प्रसिद्ध'च, मग 'फेमस'च्या जागी 'नोटोरिअस' लिहिलं तर काय बिघडलं? बिघडतं, आणि चांगलंच बिघडतं.

कोल्हापुरात चप्पल लाइनला माझ्या मामांचं दुकान आहे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांनी इंग्रजीत माहितीपत्रक करायला दिलं. मजकूर आला, 'कोल्हापूर इज नोटोरिअस फॉर इट्स चप्पल्स'. म्हणजे चपलांपायी कोल्हापूर बदनाम आहे! छापायच्या आधी माझ्या नजरेला पडलं म्हणून बरं. पलीकडं कारागीर मान खाली घालून पट्ट्यावर वेणी घालत बसले होते. त्यांच्या कामाला हा शब्द लागणार होता, याचं मला फार वाईट वाटलं.

शब्दाच्या मुळात खोट नाही. लॅटिन 'नोटस' म्हणजे ठाऊक असलेला. सोळाव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा 'सगळ्यांना माहीत असलेला' एवढाच अर्थ होता. पुढं तो चोर, लबाड अशांच्याच मागं लागत गेला आणि संगतीनं बिघडला. आपल्या 'नामचीन'चं तेच झालंय. हिंदीत 'नामचीन गायक' खुशाल म्हणतात. मराठी पेपरात 'नामचीन' आलं की पुढं गुंडच येतो. डॉक्टरला आपण 'नामांकित' म्हणतो, 'नामचीन' नाही. हा फरक तुमच्या कानाला कळत असेल, तर 'नोटोरिअस' तुम्हाला कळलाच.

माणसांपुरताच तो नाही. पावसाळ्यात गगनबावड्याकडून कोकणात उतरणारा करूळ घाट दरडींसाठी 'नोटोरिअस' आहे, हे वाक्य बरोबर. कशासाठी बदनाम, ते 'फॉर' लावून सांगायचं. नाम हवं असेल तर 'नोटोरायटी', म्हणजे कुप्रसिद्धी.

'इन्फमस' त्याचाच भाऊबंद, पण जास्त कडक. त्यात निंदा आहे, काळिमा आहे. उच्चार 'इन-फेमस' करू नका, जोर पहिल्या 'इन्'वर द्या. आणि त्याचा अर्थ 'फेमस नसलेला' असाही नाही, ही चूक मी शिकलेल्या लोकांकडूनही ऐकलीय.

मामांच्या पत्रकावर शेवटी 'रिनाउन्ड' घातलं. साधं 'फेमस' लिहिलं असतं तरी चाललं असतं.