नऊ वर्षांचा मुलगा, चार औषधं, आणि आता बायपोलर म्हणतायत

मावशी, माझा मुलगा चौथीत आहे, डिसेंबरमध्ये नऊ पूर्ण झाला. पहिलीपासून शाळेची तक्रार, एका जागी बसत नाही, लिहीत नाही, मारामारी करतो. दुसरीत डॉक्टरांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष न लागणं आणि अतिचंचलपणा, असं सांगून मिथाइलफेनिडेट सुरू केलं. वर्गात जरा बरा झाला पण जेवण कमी, रात्री बारापर्यंत जागा आणि संध्याकाळी नुसती चिडचिड. मग झोपेसाठी क्लोनिडिन, चिडचिडीसाठी रिस्पेरिडोन. त्याने सारखी भूक लागते, वर्षात आठ किलो वाढला. आता दुसऱ्या डॉक्टरांनी पाच-सात मिनिटं बघून बायपोलर, म्हणजे मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार, असू शकतं म्हणून व्हॅल्प्रोएट लिहून दिलंय. सासूबाई म्हणतात सगळं फेकून दे, मिस्टर म्हणतात डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का. मी दोनदा रविवारी कोणाला न सांगता सगळ्या गोळ्या बंद ठेवल्या. परवा तो मला म्हणाला, आई माझं डोकं खराब आहे का. काय करू?
– एक आई, नाशिक

अगं, सगळ्यात आधी ते रविवारचं. ते आजपासून बंद कर. रागावत नाहीये मी, तुझ्या जागी कुठलीही आई हेच करेल, पण या चार औषधांतलं प्रत्येक बंद करायची पद्धत वेगळी आहे. क्लोनिडिन मुळात बीपीचं औषध, रोज घेणाऱ्याने अचानक थांबवलं तर बीपी एकदम उसळू शकतं, लहान मुलातसुद्धा. रिस्पेरिडोन झटक्यात थांबवलं की झोप उडते, चिडचिड दुप्पट होते, आणि मग घरच्यांना वाटतं बघा आजारच वाढला. व्हॅल्प्रोएटही हळूहळूच उतरवतात. मिथाइलफेनिडेटचं तेवढं वेगळं आहे, साधी गोळी असेल तर तिचा असर चारेक तासांत उतरतो आणि काही डॉक्टर सुट्टीच्या दिवशी ती मुद्दाम बंद ठेवायला सांगतात, पण ते त्यांनी सांगायचं. आणि दोनदा बंद ठेवल्या होत्या हे डॉक्टरांना सांग, नाहीतर सोमवारचा मुलगा बघून ते चुकीचा अंदाज बांधतील.

आता मला जे खरं बोलायचंय ते. तुझ्या पत्रातला क्रम परत वाच. पहिलं औषध आलं, भूक गेली झोप गेली, संध्याकाळी चिडचिड सुरू झाली. हे तिन्ही मिथाइलफेनिडेटचे नेहमीचे साइड इफेक्ट आहेत, संध्याकाळची चिडचिड तर पुष्कळदा गोळी उतरताना होते. मग झोपेला दुसरं, चिडचिडीला तिसरं, तिसऱ्याने वजन वाढलं, आणि आता राहिलेल्या चिडचिडीला नवीन आजाराचं नाव आणि चौथं औषध. मी डॉक्टर नाही, तुझ्या मुलाच्या बाबतीत नक्की हेच झालंय असं मी म्हणणार नाही, पण एका औषधाचा त्रास हा नवीन आजार समजून त्यावर अजून एक औषध दिलं जाणं हे होतं, डॉक्टर लोकांनाही माहीत असतं, आणि म्हणूनच हा प्रश्न विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. पहिल्या गोळीची वेळ किंवा डोस बदलून बघितला असता, किंवा दुसऱ्या प्रकारचं औषध देऊन बघितलं असतं, तर बाकीची तीन लागली असती का? असंच, याच शब्दांत विचार.

बायपोलरचं ऐकून तू किती घाबरली असशील मला कळतंय. पण नऊ वर्षांच्या मुलाचं हे निदान पाच-सात मिनिटांत होत नाही गं. त्यात मॅनियाचा काळ असावा लागतो, म्हणजे ओळीने काही दिवस मूल नेहमीपेक्षा अगदी वेगळंच वागतंय, झोप फार थोडी तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, काहीही करू शकतो असं वाटतंय. रोज संध्याकाळी तासभर आदळआपट म्हणजे बायपोलर नव्हे. अमेरिकेत हे होऊन गेलंय बघ, १९९४-९५ ते २००२-०३ या मधल्या काळात मुलांच्या ओपीडीत बायपोलरचं निदान जवळजवळ चाळीस पट वाढलं, मुलं अचानक एवढी आजारी पडली नव्हती, चिडकी मुलं त्या नावाखाली जायला लागली होती. शेवटी २०१३ साली तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानाच्या पुस्तकात सतत चिडणाऱ्या मुलांसाठी वेगळं निदान घातलं, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. म्हणून विचार, यात मॅनिया कुठे दिसला, घराण्यात कोणाला आहे का हे विचारलं का, आणि व्हॅल्प्रोएट द्यायच्या आधी लिव्हरची टेस्ट आणि प्लेटलेट केल्या का. रिस्पेरिडोनसाठी वजन, कंबर, उपाशीपोटीची शुगर, कोलेस्टेरॉल हे वेळोवेळी बघायचं असतं. वर्षात आठ किलो म्हणजे हे खूप आधी व्हायला हवं होतं, मला राग येतोय की कोणी साधा वजनकाटा पुढे केला नाही. छातीला सूज किंवा दुखणं असेल तर तेही सांग, या औषधाने मुलग्यांना होऊ शकतं, आणि या वयाचा मुलगा लाजून सांगत नाही.

पण सासूबाईंचं ऐकून सगळं फेकायचं, त्याला माझा ठाम नकार. एडीएचडी खरोखरच असेल तर मिथाइलफेनिडेट हे दशकानुदशकं वापरलेलं औषध आहे आणि अनेक मुलांना त्याने खरंच हात दिलाय. अमेरिकेत ५७९ मुलांवर १४ महिने एक मोठा अभ्यास झाला, १९९९ साली छापून आला, त्यात नीट लक्ष ठेवून दिलेल्या औषधाचा फायदा स्पष्ट दिसला, आणि ज्या मुलांना औषधासोबत आईवडील आणि शिक्षकांना धरून वागणुकीवर काम करणारी थेरपी मिळाली त्यांना कमी डोसमध्ये भागलं. तुझ्या पत्रात चार औषधांची नावं आहेत, थेरपीचा एक शब्द नाही. शाळेत काय बदललं, बाक पुढे आणला का, तेही नाही. हे मला सगळ्यात जास्त खटकलं.

अजून एक, डिसेंबरचा जन्म. आपल्या राज्यात पहिलीच्या वयाला ३१ डिसेंबरची तारीख धरतात, म्हणजे तो वर्गात बहुतेक सगळ्यात लहान असणार, काही मुलं त्याच्याहून दहा-अकरा महिन्यांनी मोठी. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्येही शाळेची तारीख हीच आहे, तिथे नऊ लाखांवर मुलांच्या नोंदी तपासल्या, २०१२ साली ते छापून आलं, तर डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलग्यांना जानेवारीतल्यांपेक्षा एडीएचडीचं निदान ३० टक्के जास्त आणि औषध मिळण्याचं प्रमाण ४१ टक्के जास्त. म्हणजे वयाने लहान असणं आजार म्हणून मोजलं जाऊ शकतं. शिवाय लिहीत नाही म्हणतेस, तर लर्निंग डिसेबिलिटीची टेस्ट झालीये का? आठ वर्षांनंतर ती नीट करता येते, मुंबईत सायन, केईएम, नायर हॉस्पिटलला होते, नाशिकला सिव्हिलमध्ये आधी चौकशी कर. ज्याला अक्षरं लागत नाहीत तो मुलगा वर्गात मारामारी करणार नाही तर काय करणार. कान, डोळे, हिमोग्लोबिन, थायरॉइड, आणि झोपेत घोरतो का तेही बघून घे, नाकामागच्या ॲडिनॉइडच्या गाठी वाढलेली मुलं रात्री नीट झोपत नाहीत आणि दिवसा अशीच वागतात.

मिस्टरांना सांग की औषधातलं डॉक्टरांना जास्त कळतं, मान्य, पण संध्याकाळी सहा ते नऊ मुलगा कसा असतो हे डॉक्टरांना फक्त घरातूनच कळू शकतं. दोन आठवडे वहीत लिही, गोळी कधी दिली, कधी चिडला, किती वेळ, कधी झोपला, काय जेवला. बाईंनाही शाळेतलं लिहून द्यायला सांग, कारण एडीएचडीचं निदान घर आणि शाळा दोन्हीकडचं बघूनच करायचं असतं. मग ती वही आणि सगळी जुनी प्रिस्क्रिप्शन तारखेप्रमाणे लावून एखाद्या चाइल्ड सायकायट्रिस्टकडे सेकंड ओपिनियनला जा. नाशिकमध्ये नाही पटलं तर मुंबई नाहीतर बेंगळुरूचं निम्हान्स, ही मानसिक आजारांची मोठी सरकारी संस्था, तिथे मुलांचा वेगळा विभाग आहे. पेपर मागायला लाजू नकोस, २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टमध्ये उपचारांची माहिती आणि रेकॉर्ड मिळण्याचा हक्क दिलाय आणि मूल लहान असेल तर तो पालकांनी वापरायचा असतो. आणि औषधं कमी करायची ठरलीच तर एका वेळी एकच, मध्ये काही आठवडे जाऊ देऊन, म्हणजे कशाने काय झालं ते कळेल.

लेकराला काय सांगायचं? खरं सांग. तुझं डोकं खराब नाही, तुला एका जागी बसणं आणि राग आवरणं इतरांपेक्षा अवघड जातं, म्हणून आपण मदत घेतोय, आणि गोळीने पोटात, डोक्यात, कुठेही कसंतरी झालं तर आधी मला सांगायचं, मी रागावणार नाही. आणि त्याच्यासमोर सासूबाईंशी गोळ्यांवरून भांडण नको, मुलं ऐकत असतात.

तू वाईट आई आहेस म्हणून हे झालेलं नाही. एडीएचडी लाडाने होत नाही आणि मोबाइलनेही होत नाही, कोण काय म्हणेल ते म्हणू दे.

मधल्या काळात रात्री-बेरात्री बोलायला कोणी नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. फक्त व्हॅल्प्रोएट सुरू केलं असेल आणि सारख्या उलट्या, पोटात जोरात दुखणं, डोळे पिवळे किंवा खूपच गुंगी दिसली, किंवा रिस्पेरिडोनवर मान वाकडी होऊन अडकली, डोळे वर गेले, ताप येऊन अंग ताठरलं, तर फोन करत बसू नकोस आणि पुढच्या अपॉइंटमेंटची वाटही बघू नकोस, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाल आणि तडक हॉस्पिटल गाठ.