दोन आठवडे फोन वाजलाच नाही

‘मॅडम, माझ्यावाचून तिथं काहीच अडत नाही.’

बँका, विमा कंपन्या, गुंतवणूक कंपन्या अशा मोठ्या वित्तसंस्थांमध्ये नोकरी करणारी माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा थोड्याफार फरकानं हे वाक्य येतंच. कुणी ते पहिल्या दहा मिनिटांत बोलतं, कुणाला चौथी भेट लागते. पगार बरा असतो, कंपनीचं नाव मोठं असतं, चारचौघांत मान असतो. मग तक्रार तरी कोणत्या तोंडानं करायची, हा संकोचही सोबत असतो. इतक्यांदा ऐकलं की एकदा नीट लिहावं असं वाटलं. ज्याच्यामुळे ही गोष्ट मला स्वतःला उलगडली, त्याचीच हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि अकरा भेटी मोजक्या प्रसंगांत बसवल्या आहेत.

तो ३६ वर्षांचा. कंपनीच्या ऑपरेशन्स विभागात ११ वर्षं. काम रिकन्सिलिएशनचं, म्हणजे आपल्या खातेवहीत काय लिहिलंय आणि समोरच्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये काय आहे, हे ओळीला ओळ लावून पाहायचं. जुळलं नाही की त्याला ते लोक ‘ब्रेक’ म्हणतात. ब्रेक का आला ते शोधायचं, संबंधितांच्या मागे लागायचं, दिवस संपायच्या आत मिटवायचा आणि नाही मिटला तर वर कळवायचं. बहुतेक ओळी आता सॉफ्टवेअरच जुळवून टाकतं. माणसाच्या वाट्याला येतात त्या फक्त न जुळलेल्या. ‘जे नीट असतं ते मला कधी दिसतच नाही,’ असं तो बोलता बोलता म्हणून गेला. मी ते वाक्य टिपून ठेवलं. आमच्या धंद्यात अशी वाक्यं नंतर कामाला येतात.

येण्याचं निमित्त झालं होतं सक्तीच्या रजेचं. पैशांची उलाढाल जिथं होते अशा अनेक कंपन्यांत वर्षातून एकदा सलग दहा कामाचे दिवस रजा घ्यावीच लागते. त्या काळात लॉगिन बंद, मेल बंद. नियम त्याला तोंडपाठ होता. तरी तिसऱ्या दिवशी रात्री त्यानं लॉगिन करून पाहिलं. अर्थातच झालं नाही.

‘मला वाटलं होतं, निदान एक फोन तरी येईल. अमुक फाइल कुठंय, एवढं विचारायला. दोन आठवडे फोन वाजलाच नाही. परत गेलो तर माझ्या जागी बसलेल्यानं सगळे ब्रेक मिटवलेले. “काही विशेष नव्हतं,” म्हणाला आणि खुर्ची सोडून गेला. अकरा वर्षं, मॅडम!’

हे सांगताना त्याचा फोन माझ्या टेबलावर पालथा होता. दर काही मिनिटांनी तो एका बोटानं फोनची कड उचलायचा, पाहायचा, पुन्हा पालथा घालायचा. आपण हे करतोय याचा त्याला पत्ता नव्हता.

पहिल्या भेटीत मी चुकले, हे आधीच कबूल करते. मी त्याला धीर द्यायला गेले. ‘असं कसं? अकरा वर्षांचा अनुभव आहे तुमचा, तुमची गरज असणारच कंपनीला.’ तो शांतपणे म्हणाला, ‘पुरावा?’

आकडे जुळवण्यात आयुष्य घातलेल्या माणसाला पोकळ सांत्वन दिलं, तर तो पावती मागणारच. आणि त्याचं बरोबर होतं. तिथं खरोखरच काही अडलं नव्हतं. अशा वेळी ‘तुमच्यावाचून अडतं हो’ असं म्हणणारा प्रत्येक हितचिंतक त्याला आणखी एकटं पाडतो, कारण समोरच्याला वस्तुस्थितीच मान्य नाही हे त्याला कळतं.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बाकीचं बाहेर आलं. वार्षिक मूल्यमापनात पाचपैकी तीन, शेरा ‘अपेक्षेप्रमाणे’. सलग चौथं वर्ष. त्याच्या बरोबरचे दोघं व्हाइस प्रेसिडेंट झाले. (या क्षेत्रात हा हुद्दा ऐकायला वाटतो तेवढा दुर्मीळ नसतो, एकेका कंपनीत ते शेकड्यांनी असतात. पण हे हसून सांगणारेच लोक तो मिळाला नाही की रात्रभर जागतात.) शिवाय प्रत्येक गोष्टीला दुसऱ्याची मंजुरी. त्यानं नोंद दुरुस्त केली तरी दुसरा कुणी ती तपासून ‘ओके’ म्हणेपर्यंत ती जागची हलत नाही. ‘अकरा वर्षांनंतरही माझ्यावर विश्वास नाही त्यांचा.’

एका भेटीला बायको आली होती. ती एवढंच म्हणाली, ‘घरी मुलीनं चित्र दाखवलं की हा आधी त्यातली चूक सांगतो.’ तो चपापला. ‘अगं, सवय झालीय,’ म्हणाला, पण नंतर बराच वेळ गप्प होता.

आता माझी बैठक सांगते. मी गेली १८ वर्षं विवेकनिष्ठ विचारपद्धतीनं काम करते. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात ती मांडली. तिचं सार माझ्या शब्दांत असं: घडलेली गोष्ट आणि आपलं दुःख यांच्या मधे आपण स्वतःशीच बोललेलं एक वाक्य दडलेलं असतं, ते शोधायचं. आणि दुसरं, कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत. नव्या पद्धती येतात-जातात, मीही शिकते, पण फिरून इथंच येते.

त्याचं ते मधलं वाक्य सापडत नव्हतं. पाचव्या भेटीत, खरं तर वेळ संपत आली असताना, मी सहज विचारलं.

‘तुमच्या नोंदी दुसरा तपासतो. तुम्ही कुणाच्या तपासता का?’

‘हो तर. चौघांच्या. एक मेकर असतो, एक चेकर. मी त्यांचा चेकर आहे.’

‘त्या चौघांवर तुमचा विश्वास नाही?’

‘छे! त्यातला एक तर माझ्यापेक्षा हुशार आहे.’

‘मग तपासता कशाला?’

‘मॅडम, तो नियम आहे. माणूस कोण याचा तिथं संबंधच नसतो. एकाच माणसाच्या हातात दोन्ही टोकं द्यायची नाहीत, एवढंच. बेअरिंग्ज बँकेचं काय झालं माहितीय ना?’

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. आणि पाच भेटींत पहिल्यांदा हा माणूस खुर्चीत पुढे सरकून बसला. १७६२ साली स्थापन झालेली लंडनची बँक. तिच्या सिंगापूरच्या शाखेत निक लीसन नावाचा एक तरुण सौदेही करत होता आणि त्या सौद्यांचा हिशेब जुळवणारा विभागही त्याच्याच हाताखाली होता. तोटा झाला की तो ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात दडवायचा. फेब्रुवारी १९९५ मध्ये बिंग फुटलं, तेव्हा तोटा ८२ कोटी ७० लाख पौंडांवर पोचला होता. २३३ वर्षांची बँक बुडाली आणि एका डच वित्तसंस्थेनं ती एका पौंडाला विकत घेतली.

‘हिशेब जुळवायला वेगळा माणूस असता ना,’ तो म्हणाला, ‘तर हे पहिल्याच महिन्यात उघडं पडलं असतं. माझ्यासारखा कुणी. आणि ही सक्तीची रजासुद्धा त्यासाठीच असते. लपवाछपवी करणाऱ्याला जागा सोडून चालत नाही, रोज येऊन झाकावं लागतं. दहा दिवस दुसरा बसला की सगळं वर येतं. २००८ मध्ये एका फ्रेंच बँकेला जवळपास पाच अब्ज युरोंना बुडवणारा माणूसही रजा टाळायचाच.’

मी काही बोलले नाही. घड्याळ पाहिलं, पुढच्या अशिलाची वेळ झाली होती, तरी उठले नाही.

‘म्हणजे,’ मी अगदी हळू म्हटलं, ‘तुम्ही गेलात, दुसरा बसला, आणि काय सापडलं?’

‘काही नाही. काहीच सापडलं नाही.’

तो थांबला. फोनच्या कडेवर गेलेलं बोट तिथंच राहिलं.

‘काहीच सापडलं नाही,’ तेच वाक्य तो पुन्हा म्हणाला, पण या वेळी निराळ्या आवाजात. मग हसला, आणि हसता हसता डोळे पुसले. ‘अहो, म्हणजे मी पास झालो की!’

त्या दिवशी मला उमगलं ते असं. छोट्या ठिकाणी ‘माझ्यावाचून अडतं’ हे निष्ठेचं लक्षण मानतात. दुसऱ्यांचे पैसे सांभाळणाऱ्या मोठ्या कंपनीत तीच गोष्ट धोक्याची घंटा असते. तिथली घडी बसवताना कुणावाचूनही अडू नये हेच पाहिलेलं असतं. अगदी वरच्या माणसावाचूनसुद्धा. ही रचना पैशाची काळजी घेते. आपण मात्र तिच्या प्रत्येक कुलपावर ‘तुला इथं किंमत नाही’ अशी स्वतःच्या हस्ताक्षरात चिठ्ठी चिकटवतो. त्याचं मधलं वाक्य हेच होतं, आणि ते कंपनीनं कधीच उच्चारलं नव्हतं.

पुढचं काम सोपं होतं असं नाही, पण सरळ होतं. मी त्याला एक पान दिलं. डावीकडे घडलेलं लिहायचं, उजवीकडे त्यावरून आपण काढलेला अर्थ. डावीकडे: ‘पाचपैकी तीन मिळाले.’ उजवीकडे: ‘मी सुमार माणूस आहे.’ पुढच्या भेटीत त्यानं पान टेबलावर ठेवलं. उजवीकडच्या नऊ ओळींवर लाल पेननं एकच शब्द: ब्रेक. ‘डावीकडे याला आधारभूत नोंदच नाही,’ तो म्हणाला. ही पद्धत मी शेकडो लोकांना शिकवली असेल. इतक्या चपखल शब्दांत ती मला कुणी परत दिली नव्हती.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी अशाच कंपनीत असेल, तर दोन-तीन गोष्टी सांगते.

मूल्यमापनाचा आकडा खोटा मानू नका आणि पवित्रही मानू नका. अनेक कंपन्यांत वरचे गुण किती जणांना द्यायचे याचा कोटा आधीच ठरलेला असतो. तुमचा साहेब तुमच्याबद्दल जे लिहितो, त्यात तुमच्याइतकाच त्या कोट्याचाही वाटा असतो. बढती हवी असेल तर ती मागा, त्यासाठी काय लागतं ते स्पष्ट विचारा, विभाग बदलून पाहा. ते व्यवहाराचं काम आहे, व्यवहारासारखंच करा. रात्री दोन वाजता अंथरुणात करू नका.

ज्याला आपलं काम म्हणजे समुद्रातला थेंब वाटतं, त्यानं साखळीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस एकदा तरी डोळ्यांपुढे आणावा. कुणाचा तरी विम्याचा दावा, कुणाचं तरी निवृत्तिवेतन. ते वेळेवर पोचलं की कुणीच फोन करत नाही. या कामाची पावती म्हणजे न वाजलेला फोन.

मात्र एका बाबतीत मी ‘विचार बदला’ असं कधीच सांगत नाही. तुमचं मन खात असेल ते तुम्ही स्वतःला लहान समजता म्हणून नव्हे, तर चुकीचं काहीतरी करायला लावतात म्हणून, तर ती अस्वस्थता निरोगी आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं प्रकरण उघड झालं. विक्रीच्या उद्दिष्टांपायी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली होती, आणि सुमारे ५,३०० जणांना कामावरून काढलं गेलं होतं. त्या खुर्च्यांवर बसलेल्या कित्येकांना आतून कळत असणारच. अशा ठिकाणी समुपदेशकाकडे येण्याआधी गोष्टी लेखी ठेवायला लागा, कंपनीतल्या तक्रारीच्या मार्गाची माहिती काढा आणि दुसरी नोकरी शोधा. मन शांत करायचं ते नंतर पाहू.

त्याची नोकरी तीच आहे. पुढच्या मूल्यमापनातही तीनच मिळाले. चिडला, दोन दिवस चिडलेलाच होता, मग दुसऱ्या विभागातल्या जागेसाठी अर्ज केला. वर्षानं त्याचा मेसेज आला: ‘उद्यापासून सक्तीची रजा. माझ्या जागी बसणाऱ्या मुलीला आज सगळं दाखवलं. तिनं अर्ध्या तासात माझी एक चूक काढली.’

मी विचारलं, ‘मग?’

‘दुरुस्त केली. तिनं तपासली. ओके झाली.’