टॅरिफ 'लादता' येत नाही

प्रश्न असा आहे: "बातम्यांत सारखा 'टॅरिफ' येतो. त्याला जकात म्हणावं, आयातशुल्क की प्रशुल्क? आणि 'मुक्त व्यापार क्षेत्र' व 'सीमाशुल्क संघ' हे एकच का?"

आयातशुल्क म्हणजे काय ते शब्दातच आहे, पुढे जाऊ. 'जकात' म्हटलं की शहराच्या वेशीवरचा नाका आठवतो, म्हणून देशांच्या सीमेवर तो शब्द नको. गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार-शुल्क कराराच्या मराठी नावात जकात घालणाऱ्यांनी घोळ वाढवला, एवढंच. 'प्रशुल्का'तला 'प्र' काय काम करतो हे तो चिकटवणाऱ्यांनाच विचारा. नुसता 'शुल्क' पुरेसा जुना आणि भारदस्त आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चक्क शुल्काध्यक्ष आहे.

पण टॅरिफ म्हणजे शुल्कही नव्हे. टॅरिफ म्हणजे यादी! अरबी 'तअरीफ' म्हणजे माहीत करून देणं. कोणत्या मालावर किती पडेल हे कळवणारं पत्रक इटालियनमध्ये 'तारिफ्फा' झालं आणि तिथून युरोपभर फिरलं. तोच तअरीफ फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि 'तारीफ' झाला. ओळख करून देता देता माणूस कौतुकावर घसरतोच, तसा हा अर्थ घसरला असावा. मूळ धातू 'ओळखणे' या अर्थाचा. त्याच घरातले 'मार्फत' आणि 'उर्फ'. एखाद्या सरकारी कागदावर "अमुक उर्फ तमुक यांच्या मार्फत" असं दिसलं तर टॅरिफची दोन सख्खी भावंडं शेजारी बसलेली समजा.

स्पेनच्या तारिफा बंदरावरून शब्द आला असं ठासून सांगणारे काही पंडित आहेत. त्यांनी अरबी लिपीत दोन्ही शब्द लिहून पाहावेत. बंदराच्या नावातला 'त' निराळा, धातूही निराळा. नाद जुळला म्हणून नातं जुळत नाही.

हॉटेलचं टॅरिफ कार्ड आणि फोनचा टॅरिफ प्लॅन यांनी मूळ अर्थ नीट सांभाळलाय. भारताच्या १९७५ च्या कस्टम्स टॅरिफ कायद्यातही टॅरिफ म्हणजे परिशिष्टांतली मालाची सूची: पहिलं आयातीचं, दुसरं निर्यातीचं. म्हणून 'टॅरिफ लादलं' हे 'मेनूकार्ड खाल्लं' यासारखं झालं. इंग्रजीत दोन्ही अर्थ रुळले, रुळोत बापडे. मराठीत शुल्क लादावं आणि टॅरिफला शुल्कसूची म्हणावं.

ही यादी डोळ्यांपुढे ठेवली की दुसऱ्या प्रश्नाची गाठ सुटते. मुक्त व्यापार क्षेत्रात शेजारी आपसातलं शुल्क काढतात किंवा उतरवतात, पण बाहेरच्यांसाठी प्रत्येकाची यादी वेगळीच राहते. सीमाशुल्क संघात बाहेरच्यांसाठी सगळ्यांची एकच यादी. १८३४ चा त्सोलफेराइन, म्हणजे जर्मन राज्यांचा सीमाशुल्क संघ, आणि १९१० पासूनचा आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांचा सीमाशुल्क संघ, ही खरी उदाहरणं. २००६ साली लागू झालेल्या साफ्टाला, म्हणजे दक्षिण आशियाच्या मुक्त व्यापार कराराला, 'सीमाशुल्क संघ' म्हणणाऱ्या बातमीदाराने सार्कच्या आठ देशांची सामाईक यादी दाखवावीच.

याद्या वेगळ्या असल्या की माल कमी शुल्काच्या दाराने शिरतो आणि शेजाऱ्याकडे फुकट सरकतो. ते रोखायला उगमाचे नियम, म्हणजे माल मुळात कुठल्या देशाचा मानायचा हे ठरवणारे नियम. साफ्टाची सर्वसाधारण कसोटी दुहेरी आहे: एफओबी किंमत (माल जहाजावर चढेपर्यंतची) १०० धरली तर बाहेरचा कच्चा माल ६० च्या वर नको (श्रीलंकेला ६५, अल्पविकसित सदस्यांना ७०), शिवाय तयार मालाचं शीर्षक, म्हणजे शुल्कसूचीतल्या त्याच्या सांकेतांकाचे पहिले चार अंक, त्या कच्च्या मालाहून बदललेलं हवं. सुटे भाग आणून नुसते खोक्यात भरले, लेबल चिकटवलं, तर भागत नाही.

आणि सवलतीचा दावा अडतो तो बहुधा यादीतल्या ओळीवरच. मालाच्या सांकेतांकाचे पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे ज्याचे त्याचे. भारतात एकूण आठ. उगम प्रमाणपत्रावर एक ओळ आणि बिल ऑफ एंट्रीवर (आयातदार कस्टम्सकडे भरतो त्या कागदावर) दुसरी, की सवलत लटकली. त्यात ही सांकेतांकांची सूची २०१२, २०१७, २०२२ अशी बदलत आलीय आणि करार जुन्या आवृत्तीत लिहिलेला असतो. आधी जुनी ओळ नव्या ओळीशी ताडून पाहावी, मगच प्रमाणपत्राला हात घालावा.

माझा लाडका तर्क असा की सीमेवर कराच्या आधी वही आली. फ्रेंचांचं 'दुआन', इटालियनांचं 'दोगाना', स्पॅनिशांचं 'अदुआना', ही सगळी कस्टम्सची नावं फारसी-अरबी 'दीवान'वरून आलेली, आणि दीवान म्हणजे मुळात नोंदवही. आपले दिवाणसाहेब, दिवाणी दावा आणि शायराचा दीवान त्याच वहीची पानं. इंग्रजांचा 'कस्टम' तेवढा वहीतला नाही, वहिवाटीतला: पूर्वापार चालत आलेलं देणं.